एकाच मुलखातली चार शहरं

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्या मानांकनाच्या नकाशात आठ जिल्हे आले. बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार कर्नाटकातले; कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार महाराष्ट्रातले. नाव एका शहराचं, पण कातडं कमावणारे आणि वेणी विणणारे हात आठ जिल्ह्यांत पसरलेले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. त्याच्या कक्षेतही रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जोडीनं महाराष्ट्रातले हेच चार जिल्हे आहेत. महसुलाच्या पुणे विभागातून पुणं वगळलं तर उरतात तेही हेच. २००४ मध्ये सोलापूरचं स्वतंत्र विद्यापीठ झालं, तोवर या चौघांची मुलं शिवाजी विद्यापीठाचीच पदवी घेत होती.

कागदावर हा एकच मुलूख आहे, आणि मुंबईत बसून पाहणाऱ्यालाही तो एकच दिसतो. उसाचे फड, कारखान्याची चिमणी, दूध संघाचा टँकर, तालमीतली लाल माती. खेड्यांपुरतं हे चित्र बरंचसं खरं आहे. वाळवा तालुक्यातलं गाव आणि कराडजवळचं गाव यांतला फरक शोधावा लागतो. शहरांना मात्र ते लागू पडत नाही. या चार शहरांतून हिंडताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते: अडचण आली की प्रत्येक शहर वेगळ्या दारात जातं. कोल्हापूर चौकात जमतं. सांगली संस्थेची बैठक बोलावते. सोलापूर मोर्चा काढतं. सातारा पोराला बोर्डिंगात नाहीतर फौजेत धाडतो. या सवयींना इतिहास आहे, आणि तो आजही या शहरांचं राजकारण, रोजगार आणि पाणी ठरवतो असं माझं म्हणणं आहे.

त्यासाठी चार सालं ध्यानात ठेवावी लागतात. सोलापूर १८१८ मध्ये पेशवाईबरोबरच इंग्रजांच्या हाती गेलं. साताऱ्याची गादी १८४८ मध्ये डलहौसीनं खालसा केली. सांगलीचं पटवर्धन संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात आलं. म्हणजे निम्मा मुलूख शंभर वर्षं कलेक्टरच्या अमलाखाली होता आणि निम्मा राजांच्या. शहराचं दुःख ऐकून घेणारा जवळ राहतो की साता समुद्रापलीकडे, याचा शहराच्या स्वभावावर खोल परिणाम होतो.

कोल्हापुरात तो जवळच राहत होता. राजर्षी शाहूंच्या निधनाला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, ६ मे २०२२ ला, सकाळी दहा वाजता हे शहर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा थांबल्या. महाराष्ट्रातलं दुसरं कुठलं शहर आपल्या राज्यकर्त्यासाठी शतकानंतर असं उभं राहील, मला सांगता येणार नाही. हे प्रेम पोकळ नाही, कारण त्या माणसाच्या कामावर शहर अजून उभं आहे. गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली शाहूपुरी, १९०१ मध्ये सुरू झालेलं मराठा बोर्डिंग आणि त्यामागोमाग जैन, लिंगायत, मुस्लिम अशा एकेका समाजाची वसतिगृहं, १९०६ ची शाहू मिल, खासबागेचं कुस्ती मैदान, भोगावतीवरचं राधानगरी धरण. आणि २६ जुलै १९०२ चा तो हुकूम, ज्यानं संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या.

या आश्रयाच्या सावलीत एक कारागीर जात तयार झाली, जन्मानं नव्हे तर हातानं ठरणारी. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथे स्वतः बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर या मंडळींनी १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी काढली. उसाच्या चरकाची आणि ऑइल इंजिनाची दुरुस्ती करता करता मेस्त्री लोक सुटे भाग ओतू लागले, आणि आज उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्या देशभरच्या वाहन कारखान्यांना कास्टिंग पुरवतात. उद्यमनगरातल्या कुठल्याही शेडमध्ये उभं राहा. मालक स्वतः लेथवर काम केलेला असतो आणि कामगाराशी ‘भावा’ म्हणूनच बोलतो. हे नातं मला या शहराची खरी मिळकत वाटते, अंबाबाईच्या मंदिराइतकीच आणि तलावाइतकीच.

पेठापेठांतल्या तालमींनी या शहराला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे फुटबॉल. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशी कुस्तीच्या आखाड्याची नावं घेऊन संघ मैदानात उतरतात आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्ध्या शहराचं लक्ष तिकडे असतं. शहरात टोल बसला तेव्हाही याच तालमी, मंडळं आणि पेठा सर्वपक्षीय कृती समितीत एकवटल्या. काही वर्षांच्या आंदोलनानंतर, २०१५ च्या अखेरीस, सरकारला तो टोल रद्द करावा लागला. चौकातली ताकद अशी असते. तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९७२ मध्ये महापालिका झाली, पण शहराची हद्द जुनीच राहिली, कारण भोवतालच्या गावांनीही ही चौकातली भाषा शिकून घेतली आहे आणि हद्दवाढीला ती तितक्याच एकीनं नकार देतात. वाढलेलं कोल्हापूर त्यामुळे अर्धं शहराबाहेर राहतं.

तिथून सांगली पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. दोन्हीकडच्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असं बोलतात, दोन्हीकडे कृष्णा-पंचगंगेच्या पाण्याची धास्ती एकच. तरी गणपती मंदिरासमोरून नदीकडे चालत गेलं की वेगळ्या गावात आल्याचं लगेच कळतं. इथे आवाज खालच्या पट्टीत असतो. चिंतामणराव पटवर्धन १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे झाले आणि त्यांनी ही राजधानी वसवली. त्यांनी व्यापारी बोलावले, विद्वान बोलावले आणि १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांकडून ‘सीतास्वयंवर’ हे नाटक करवून घेतलं. जवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे पुढे याच मातीतून आले. आजही ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, विष्णुदास भावे गौरवपदक सांगलीतच दिलं जातं. एका शहरातली नाट्यसंस्था मराठी रंगभूमीचा एवढा मोठा सन्मान वर्षानुवर्षं सांभाळते, ही खास सांगलीची रीत आहे. विलिंग्डन कॉलेज, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज, ग्रंथालयं, बँका, पेढ्या यांच्या कार्यकारिणीत बसून हे शहर आपली कामं करतं.

सांगलीची दुसरी ओळख हळदीची. राजापुरी हळदीचे सौदे वसंत मार्केट यार्डात होतात, आणि जिल्ह्याबाहेरचा, अगदी तेलंगणातला मालही इथे येतो. हरिपुरात हळद साठवायला जमिनीत पेवं खणलेली होती. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ती साठवण मोडीत निघाली. आता माल शीतगृहात जातो. व्यापार थांबला नाही, पण जमिनीच्या पोटातलं ते ज्ञान हातातून गेलं, याची हळहळ मला वाटते.

मिरज सांगलीपासून दहा किलोमीटरवर. १९९८ मध्ये सांगली, मिरज, कुपवाड यांची एक महापालिका झाली, पण मिरजकर स्वतःला सांगलीकर म्हणवून घेत नाही आणि त्याचं बरोबर आहे. मिरजेचं स्वतःचं संस्थान होतं, स्वतःचा दर्गा आहे, रेल्वेचं मोठं जंक्शन आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे इस्पितळ सुरू केलं आणि तेव्हापासून उत्तर कर्नाटकातला रोगी मिरजेच्या गाडीत बसतो. सतार आणि तंबोरा बनवणारे कारागीर दर्ग्याच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या भोपळे घासत आले, आणि दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात. एका महापालिकेत इतकी भिन्न दोन गावं बांधली गेली आहेत, तर चार शहरं सारखी असण्याची अपेक्षा कशाला धरावी?

सोलापूर या मुलखात बसवताना खरी अडचण येते. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती. कोल्हापूर साडेपाच लाखांच्या आसपास, सांगली-मिरज-कुपवाड पाच लाख, सातारा सव्वा लाखापेक्षा कमी. म्हणजे चौघांत हेच सर्वांत मोठं. तरी ‘पश्चिम महाराष्ट्र’ म्हटल्यावर सोलापूर शहर कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. इथे ना राजा होता, ना सह्याद्रीचा पाऊस. रेल्वे आली, भोवताली कापूस होता, आणि १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी उभी राहिली. ते दुष्काळाचं साल होतं. पोट भरायला निघालेली माणसं गिरणीच्या भोंग्याकडे आली. निजामाच्या राज्यातून पद्मशाली विणकर आले, कन्नड बोलणारे लिंगायत आधीपासून होतेच, मराठवाड्यातून मराठी कुणबी आले, मोमीन विणकर होते. पूर्व भागात आजही घरात तेलुगू, शाळेत मराठी, दुकानात कन्नड, मित्रांत दखनी बोलणारी पोरं भेटतात, आणि ती बोली बदलल्याचं त्यांच्या ध्यानातसुद्धा येत नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला सात नंदीध्वज निघतात. नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथ निघतो. दोन्ही वेळी रस्त्याच्या कडेला तीच गर्दी असते.

या गावानं मिळवलं ते एकत्र येऊन, आणि बहुतेक वेळा सरकारच्या विरोधात उभं राहून. १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर इतकं पेटलं की इंग्रज अधिकारी शहर सोडून गेले आणि काही दिवस कारभार लोकांच्या हाती होता. त्याची शिक्षा म्हणून मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. ही चार नावं एका ओळीत वाचली तर शहराची सगळी वस्ती त्यांत आहे.

गिरण्या बंद पडल्या. हातमागावरून यंत्रमाग आले. सोलापुरी चादरीला महाराष्ट्रातल्या पहिल्या काही भौगोलिक मानांकनांपैकी एक मिळालं, टॉवेल परदेशी जाऊ लागले. पण विणकराच्या घराला दुसऱ्या कमाईचा आधार लागतोच आणि तो बाईच्या सुपात असतो. कारखान्यातून पान-तंबाखू आणायचं, घरी बसून हजार विड्या वळायच्या, चट्टे बांधून परत द्यायच्या, त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला पडायच्या. बोटं, डोळे, छाती, सगळ्यांवर त्याचे घाव उमटतात. या बायकांनी युनियनमध्ये संघटित होऊन मागितलं ते घर. कुंभारीच्या माळावर २००६ मध्ये गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच माळावर रे नगरमधल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. देशात असंघटित कामगारांनी सहकारी तत्त्वावर इतकी मोठी घरबांधणी करून घेतल्याचं उदाहरण शोधायला लागेल. पश्चिम महाराष्ट्राच्या सहकारावर लिहिताना आपण साखर कारखान्यांचीच नावं घेतो आणि या विडीवालीचं नाव घेत नाही, हा तिच्यावर अन्याय आहे.

सातारा या तिघांपुढे लहान. अजून नगरपालिकाच आहे, हद्दवाढही २०२० मध्ये कुठे झाली, आणि रेल्वे स्टेशन गावापासून काही किलोमीटर लांब. पण थोरल्या शाहू छत्रपतींच्या काळात अर्ध्या हिंदुस्थानचे कारभार अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी चालत होते. मग साताऱ्याच्या गादीवरच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत केलं. रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला लंडनला जाऊन वर्षानुवर्षं झगडले आणि रिकाम्या हातांनी परतले. १८५७ मध्ये उठावाच्या कटाबद्दल गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली. राजधानी गेलेल्या गावाचं पुढे काय होतं? साताऱ्यानं शिक्षण आणि पलटण यांची वाट धरली. आंबेडकरांनी १९०० मध्ये इथल्याच सरकारी शाळेत नाव घातलं. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये इथे निघाली. आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था १९२४ मध्ये साताऱ्यात आली आणि इथून शेकडो गावांत पोचली.

भाऊरावांचं आयुष्य या मुलखाला आतून शिवणारा धागा आहे. जन्म कोल्हापूर भागातल्या कुंभोजचा, शिक्षण शाहूंच्या कोल्हापुरात, काही काळ नोकरी किर्लोस्करवाडीत, नंतर साताऱ्यात कूपरच्या नांगराच्या कारखान्याशी संबंध आणि मग आयुष्यभराचं काम साताऱ्याच्या बोर्डिंगात. बोर्डिंगची कल्पना त्यांनी कोल्हापुरात पाहिली होती; साताऱ्यात त्यांनी जातवार खोल्या मोडून सगळ्या पोरांना एका पंगतीत बसवलं. एका शहरात सुचलेली गोष्ट दुसऱ्या शहरात पुढे गेली, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग तर १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. इंग्रजांविरुद्धचं नाना पाटलांचं प्रतिसरकार आज दोन जिल्ह्यांत विभागलेल्या त्याच गावांतून चाललं.

पाण्याच्या बाबतीत मात्र चौघांची वाटणी निसर्गानंच करून टाकली आहे. कास तलावाचं पाणी उतारानं साताऱ्यात येतं. कोल्हापूरला काळम्मावाडीची थेट पाइपलाइन २०२३ च्या दिवाळीत मिळाली. पावसाळ्यात पंचगंगेचं राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, तर कृष्णेचं आयर्विन पुलावरचं ४० ला इशारा आणि ४५ ला धोका. हे आकडे तिथल्या लहान मुलांनाही पाठ असतात. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. त्याच मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, सोलापुरात, उजनीहून शंभरेक किलोमीटरवरून आणलेलं पाणी नळाला चार-पाच दिवसांनी येतं. सह्याद्रीचा पाऊस पूर्वेकडे येता येता संपतो. एकाच विभागीय बैठकीत एका शहराचे अधिकारी बोटी मागतात आणि दुसऱ्याचे टँकर, ही परिस्थिती ज्याला ठाऊक आहे तो या चौघांना एकच योजना लावणार नाही. तरी ती लावली जाते. तीच एमआयडीसी, तोच उड्डाणपूल, तेच आयटी पार्कचं आश्वासन. सोलापूर २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत निवडलं गेलं, पण रोजच्या पाण्याचा प्रश्न त्यानंतरही तसाच राहिला.

एका बाबतीत मात्र ही शहरं आता झपाट्यानं सारखी होत आहेत, आणि तीच गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. चौघांचीही पोरं पुण्याला जातात. याची सुरुवात जुनी आहे. प्रभात कंपनी १९३३ मध्येच कोल्हापूर सोडून पुण्यात गेली. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर जी जाळपोळ झाली, तिच्यात भालजी पेंढारकरांचा कोल्हापुरातला स्टुडिओ जळाला, आणि सांगली-साताऱ्याकडची अनेक ब्राह्मण कुटुंबं होतं ते मागे टाकून पुण्याकडे गेली. आज कारण वेगळं, वाट तीच. वालचंदमधून निघालेली सांगलीची मुलगी हिंजवडीत असते, सोलापूरच्या विणकराचा मुलगा हडपसरला, कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याचा भाचा चाकणला. सांगलीच्या त्या कॉलेजला नाव आहे सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांचं. म्हणजे एके काळी या शहरांची नाती एकमेकांशी होती. आता प्रत्येकाचं नातं पुण्याशी आहे आणि एकमेकांशी फक्त लग्नपत्रिकेपुरतं. सोलापूरचा माणूस अंबाबाईला येतो, कोल्हापूरचा पंढरपूर-अक्कलकोटला जातो, पण सोलापूरच्या टॉवेलवाल्यानं मागाच्या सुट्या भागासाठी उद्यमनगर गाठलं किंवा कोल्हापूरच्या कामगार वसाहतीनं रे नगर पाहून घर मागितलं, असं क्वचितच दिसतं.

सर्किट बेंचमुळे हे थोडं बदलू शकतं. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी काही दशकं एकत्र लढून ते मिळवलं, आणि अलीकडच्या काळात या शहरांनी एकत्र येऊन मिळवलेली ती सर्वांत मोठी गोष्ट असावी. आता सोलापूरच्या पक्षकाराला कागदपत्रं घेऊन कोल्हापूर गाठायचं आहे. रस्त्यानं सव्वादोनशे किलोमीटर होतात. रेल्वेचा मार्गही आहे: बार्शी लाइटची मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी ही जुनी छोटी लाइन केव्हाच रुंद झाली. पहाटे सोलापूरहून निघून पंढरपूर, सांगोला, मिरज करत कोर्टाच्या वेळेआधी कोल्हापुरात पोचेल आणि संध्याकाळी परत नेईल अशी गाडी या मार्गावर हवी. तिच्यात वकिलांइतकेच मिरजेला निघालेले रोगी, टॉवेलाचे गठ्ठे आणि परीक्षेला चाललेली पोरं बसतील. चारही जिल्ह्यांच्या खासदारांनी ही एक मागणी मिळून करायला हरकत नाही.